जहाज कसं सांभाळायचं आणि जहाजावरची माणसं कशी: नव्यानं लीडिंग (छोट्या गटाचे प्रमुख) झालेल्या पोरांसाठी

आमच्या हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूनं दरवर्षी चार-दोन पोरं समुद्रावरच्या नोकरीला लागतात, कोण अग्निवीर म्हणून नेव्हीत, कोण कोस्ट गार्डला, कोण मर्चंटला, आणि गणपतीला सुट्टीवर आली की त्यातलं एखादं घरी येतं आणि विचारतं, काका, आता माझ्या हाताखाली सहा माणसं दिलीत आणि दोन कंपार्टमेंट, सुरुवात कुठून करू? मी पंधरा वर्षं नेव्हीच्या इंजिन रूममध्ये काढली, आता चुलतभावाच्या ट्रॉलरचं इंजिन बघतो. दर वेळी अंगणात बसून अर्धंमुर्धं सांगणं होतं आणि महत्त्वाचं राहून जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. यात गुपित असं काही नाही, कुठल्याही लोखंडी जहाजाला लागू पडेल असं आहे आणि बरंचसं आपल्या बंदरातल्या होड्यांनाही.

आधी माझीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझं पहिलं जहाज. एका समुद्राच्या पाण्याच्या पंपाला जाड रबरी होज होता आणि क्लॅम्पपाशी थेंब थेंब गळत होतं, मिनिटाला चार-पाच थेंब. मी ते तीन दिवस पुसलं. सांगितलं नाही, कारण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका पोरानं असंच काहीतरी सांगितलं होतं तर आमच्या तेव्हाच्या पेटी ऑफिसरनं (लीडिंगच्या वरचा हुद्दा) त्याला सगळ्या मेससमोर धुतला होता, तुझ्याच वॉचला बरं गळतं रे म्हणून. चौथ्या रात्री मिडल वॉचला, म्हणजे बारा ते चारच्या पाळीत, होज सुटला. पाणी पोटरीपर्यंत आलं, व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत होतं तरी अंधारात आणि घाबरलेल्या हातांनी तो फिरवायला किती वेळ लागला ते आजही आठवतं. जहाजाला काही झालं नाही, एक मोटर मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी मालवणकडचे एक चीफ (पेटी ऑफिसरच्याही वरचे) खाली आले. ओरडले नाहीत. जमिनीच्या लोखंडी प्लेटवर उकिडवे बसले, तुटका क्लॅम्प हातात घेतला आणि मला दाखवला. बाहेरून तो चकचकीत होता, आतल्या बाजूला जिथे तो होजला टेकतो तिथे गंजून कागदाएवढा पातळ झाला होता. "झिला, किती दिस पुसत होतंस?" मी म्हटलं तीन. "मगे माका पयल्याच दिसाक सांगूक काय झाला?" मी खाली बघत राहिलो. ते काय समजायचं ते समजले, कारण संध्याकाळी ते त्या पेटी ऑफिसरला बाजूला घेऊन अर्धा तास बोलले आणि दुसऱ्या सकाळी कंपार्टमेंटच्या दाराला दोऱ्यानं बांधलेली एक शंभर पानी वही लटकत होती.

मोठ्या जहाजावर तीनशे माणसं असतात, शेकडो कंपार्टमेंट, हजारो व्हॉल्व्ह. कॅप्टनला किंवा त्याच्या खालोखालच्या एक्सओला त्यातलं सगळं दिसणं शक्यच नाही. ते दिसतं वीस वर्षांच्या पोराला, रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात. तो ते वर सांगतो की पुसून टाकतो, हे त्याच्या लगेच वरचा माणूस कसा आहे त्यावर ठरतं, आणि तो वरचा माणूस आता तू आहेस. म्हणून मशिनची निगा आणि पुढारपण मी वेगवेगळं सांगणार नाही, मला ते वेगळं करताच येत नाही.

चार्ज घेताना

आधीचा माणूस सही कर म्हणेल, सगळं ओके आहे म्हणेल. त्याच्याबरोबर प्रत्येक कंपार्टमेंटमध्ये स्वतः उतर. प्लेट उचलून खाली बघ. प्रत्येक व्हॉल्व्ह हातानं थोडा फिरवून बघ (वॉचवाल्याला विचारून, चालू सिस्टीमला न धक्का लावता), जो फिरत नाही तो लिहून घे. कुठला पंप कुठून पाणी घेतो आणि कुठे टाकतो हे पाइपला हात लावत लावत शेवटपर्यंत चालत जा, ड्रॉइंगवर बघून नाही, कारण ड्रॉइंगनंतर तीन रिफिट (डॉकयार्डातल्या मोठ्या दुरुस्त्या) झालेले असतात. मग डोळे मिटून, लाइट गेली आहे असं धरून, शिडीपासून मुख्य व्हॉल्व्हपर्यंत हातानं चाचपत जाऊन दाखव स्वतःला. जमलं की हाताखालच्या सहाही जणांकडून करून घे.

त्यानंतर जागा वाटून दे. प्रत्येक कोपऱ्याला एका माणसाचं नाव, दोघांचं नाही. दोघांचं नाव लावलं की ती जागा कोणाचीच राहत नाही, हे आपल्याकडे सामायिक विहिरीचं जे होतं तेच.

पहिला आठवडा मात्र तू स्वतः त्यांच्याबरोबर बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाच्या पोकळीत, उतर. हे दाखवण्यासाठी नाही, खाली किती गरम होतं, कुठे हात पोचत नाही, कुठलं काम दोन तासांचं आहे आणि कुठलं सहा तासांचं, हे कळल्याशिवाय तू त्यांना काम सांगूच शकत नाहीस.

राउंड कसा मारायचा

राउंड म्हणजे चालून येणं नव्हे. हातात टॉर्च, खिशात चिंधी, आणि लहान स्क्रू ड्रायव्हर. टॉर्च भिंतीला समांतर धर, तिरका उजेड टाकला की रंगाखालचे फुगे आणि पाण्याचे ओघळ उठून दिसतात, समोरून मारला तर काहीच दिसत नाही. आत शिरल्यावर पाच सेकंद नुसता उभा राहा आणि वास घे: जळक्या इन्सुलेशनचा वास, डिझेलचा वास, कुजलेल्या पाण्याचा वास, तिन्ही वेगळे आहेत आणि महिन्याभरात नाकाला ओळखता येतात. बेअरिंगच्या घरावर, फिरणाऱ्या भागापासून लांब, तळहात ठेव. दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल तर ते साठ डिग्रीच्या आसपास गेलंय, लिहून घे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लाव, चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं, खराब होत आलेलं मध्येच खरखरतं. चीफनी मला हे एका पंपावर शिकवलं आणि मग दुसऱ्या पंपाकडे नेऊन म्हणाले, आता सांग कुठला आधी जाईल. महिन्याभरात तोच गेला.

रोज एकाच वेळी जाऊ नकोस. कधी पहाटे तीनला जा, पण पोरांना पकडायला नाही, चहा घेऊन जा. रात्रीच्या पाळीवाल्या पोराकडे कोणी चहा घेऊन गेलं की तो दिवसा कधीच सांगणार नाही असं काहीतरी सांगतो.

आणि तासातासाचं रीडिंग. लॉगबुक जागेवर बसून भरण्याची सवय लागली की जहाज आंधळं झालं म्हणून समज. ओळखायचं कसं? रात्रभर ६२, ६२, ६२, ६२ लिहिलं असेल तर बहुतेक कोणी गेजसमोर उभंच राहिलेलं नाही, खरं रीडिंग ६१, ६३, ६२ असं हलतं. हा आकड्यांचा खेळ नाहीये. कूलरमध्ये शिंपलं-चिखल साचायला लागला की तापमान दोन आठवड्यांत एक-एक डिग्रीनं चढतं, रोजच्या रोज बघितलं तर कळत नाही, पंधरा दिवसांचे आकडे एकाखाली एक ठेवले की लख्ख दिसतं. खोटे आकडे भरले की तो इशारा आपणच पुसून टाकतो. पोरानं रीडिंग घेतलं नसेल तर तिथे रिकामं सोड म्हणून सांग, आणि रिकाम्या चौकटीबद्दल कधीही शिक्षा करू नकोस, खोट्या आकड्याबद्दल कर.

ती शंभर पानी वही

ऑफिशियल डिफेक्ट लिस्ट असतेच, प्लॅन्ड मेंटेनन्सची कार्डं असतात, रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं, तिमाहीचं काम ठरलेलं असतं, ते सगळं करायचंच. पण ही वही त्याच्या आधीची आहे. तारीख, काय दिसलं, आणि तिसऱ्या रकान्यात तू काय केलंस. कोणी लिहिलं ते नाव लिहायची सक्ती नको. चोवीस तासांच्या आत तिसरा रकाना भर, मग उत्तर "स्पेअर नाही, अमुक तारखेला मागवलं" एवढंच का असेना. दोनदा तो रकाना रिकामा राहिला की पोरं लिहायची बंद होतात, तिसरी संधी देत नाहीत.

नव्या लीडिंगला वाटतं की वही भरली म्हणजे माझं कंपार्टमेंट वाईट दिसणार. उलट आहे. मी ज्या जहाजावर वह्या भरलेल्या बघितल्या तिथे रात्री शांत झोप लागायची, आणि जिथे वही कोरी तिथे मी स्वतः उतरून बघायचो. वर ऑफिसरला लिस्ट देतानाही लपवू नकोस. तुझ्या लिस्टवरून तो ठरवणार की कुठलं काम आपल्याच हातानं सेल्फ मेंटेनन्सच्या दिवसांत होईल, कुठल्याला डॉकयार्डची माणसं लागतील आणि कुठलं रिफिटपर्यंत थांबेल. तू लपवलेलं काम रिफिटच्या यादीत जात नाही, आणि यादीत नसलेल्या कामाला स्पेअरही येत नाही, माणूसही येत नाही.

गंज, म्हणजे रोजचं भांडण

आपल्या किनाऱ्यावर खिडकीचे गज पाच वर्षांत सुटतात हे सगळ्यांनी घरी बघितलंय, मग चोवीस तास खाऱ्या पाण्यात असलेल्या पत्र्याचं काय होत असेल. गंजाला तीन गोष्टी लागतात, लोखंड, पाणी आणि हवा, आणि मीठ त्याचा वेग वाढवतं. रंगाचं काम एवढंच की पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू नये. म्हणून रंग देखणा आहे का हे दुय्यम, तो चिकटलाय का हे मुख्य.

पहिल्यांदा धुणं. गोड्या पाण्यानं, साबण लावून, ग्रीस आणि मीठ दोन्ही जाईपर्यंत. पोरं हीच पायरी गाळतात, थेट हातोडी घेतात, आणि मग वायर ब्रशनं मीठ पत्र्यात आणखी घासून बसवतात. मिठावर मारलेला रंग तीन महिन्यांत फुगतो.

मग चिपिंग. चिपिंग हॅमर मनगटातून चालवायचा, खांद्यातून नाही. जोरात मारलं की पत्र्याला खळगे पडतात आणि पुढचा गंज नेमका त्या खळग्यात बसतो. फुगलेल्या जागेच्या कडेपासून बाहेर दोन बोटं तरी घट्ट रंग लागेपर्यंत खरवडत जा आणि कडा उतरती कर, पायरीसारखी ठेवली तर रंग तिथूनच सुटणार. आणि हे नीट लक्षात ठेव: जहाज पाण्यात असताना पाण्याच्या रेषेखालच्या बाहेरच्या पत्र्यावर आतून हातोडी मारायची नाही. बिल्जमधला पत्रा किती खाल्ला गेलाय ते वरून कळत नाही, एका ठोक्यात भोक पडू शकतं. शंका आली की अल्ट्रासॉनिक गेजनं जाडी मोजून घे, त्यासाठी इंजिनियर ऑफिसरला सांग, त्यात कमीपणा काही नाही.

त्यानंतर प्रायमर, उशीर न करता, कारण उघडा पत्रा आपल्याकडे दुपारपर्यंत पिवळा पडतो. टू-पॅक इपॉक्सी असेल तर बेस आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानंच मिसळ, डोळ्याच्या अंदाजानं नाही, अंदाजाचा रंग वरून सुकलेला दिसतो पण आतून कधी घट्ट होत नाही, नख लावलं की सालीसारखा निघतो. कडा, वेल्डिंगच्या शिवणी, नट-बोल्ट यांना आधी ब्रशनं एक वेगळा हात दे, मग पूर्ण पत्र्याला रोलर मार, कारण कडेवर रंग आपोआप पातळ होतो आणि गंज नेहमी कडेपासून सुरू होतो.

वेळ कुठली? पुस्तकातला नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ डिग्री जास्त हवं. आपल्या बाजूचा माणूस हे वाऱ्यावरून ओळखतो. थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, तो कोरडा असतो. पहाटेचं दव सुकलं की साधारण नऊनंतर सुरू करायचं आणि दुपारी खारा वारा फिरायच्या आत हात संपवायचा, कारण तो वारा ओल्या रंगावर मीठ आणून टाकतो. जून ते सप्टेंबर उघड्या डेकवर रंग मारणं म्हणजे रंग वाया घालवणं, तेव्हा आतल्या जागा घ्या, हीटर किंवा डिह्युमिडिफायर लावून.

कशाला रंग मारायचा नाही ते जास्त महत्त्वाचं: ग्रीस निपल, वॉटरटाइट दाराचं रबर, व्हॉल्व्हचे स्पिंडल, वायर रोप, नेमप्लेट, आणि बुडाला लावलेले झिंकचे ॲनोड. ॲनोड हा जहाजाऐवजी स्वतः झिजायला लावलेला असतो, त्याला रंग मारला की तो काम बंद करतो आणि जहाज झिजायला लागतं. अर्ध्याच्या आसपास झिजला की बदल. एखादा ॲनोड वर्षभरानं नव्यासारखा कोरा दिसला तर खूश होऊ नकोस, त्याचा पत्र्याशी जोडच सुटलेला असणार.

पाहुणे येणार, इन्स्पेक्शन आहे, म्हणून गंजावर रंग फिरवून घे असं कोणी सांगेल. तेव्हा शांतपणे सांग की सर, एवढा भाग धुऊन प्रायमर करून ठेवतो, फायनल कोट नंतर. लाल प्रायमरचा पट्टा दिसलेला चालतो. मी असे कॅप्टन बघितलेत जे राउंडला तो लाल पट्टा बघून थांबायचे आणि काम कोणाचं म्हणून विचारायचे.

दारं

वॉटरटाइट दाराची परीक्षा खडूनं होते. चौकटीच्या धारेवर खडू घास, दार पूर्ण लॉक कर, उघड, आणि रबरावर उमटलेली रेष बघ. रेष सलग हवी. जिथे तुटली तिथून पाणी येणार. रबरावर कोणी रंग मारला असेल तर तो कडक होऊन रेष तुटलेलीच दिसेल. दहा मिनिटांचं काम आहे, आठवड्याला एक दार घे.

बिल्ज आणि आग

बिल्ज कोरडी ठेव. कोरड्या बिल्जमध्ये नवीन थेंब लगेच दिसतो, भरलेल्या बिल्जमध्ये दहा गळत्या लपतात. पाणी दिसलं की पंप मारायच्या आधी ते खारं की गोडं ते तपास: खारं असेल तर समुद्राची लाइन किंवा बूड, गोडं असेल तर टाकी किंवा कूलिंग. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, तेव्हा नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. आणि तेलकट पाणी समुद्रात सोडायचं नाही, सेपरेटरनं त्यातलं तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखांत पंधरा भागांच्या) खाली आल्याशिवाय एक बादलीही नाही. ज्या खाडीत आपली माणसं कालवं काढतात त्या खाडीबद्दल बोलतोय.

आगीचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय. इंजिन रूममध्ये आग बहुतेक वेळा एकाच प्रकारे लागते, डिझेलचा बारीक फवारा गरम एक्झॉस्टवर पडतो. म्हणून २२० डिग्रीच्या वर जाणारी प्रत्येक जागा लॅगिंगनं (उष्णता अडवणाऱ्या आवरणानं) झाकलेली हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रिपेअरसाठी लॅगिंग काढलं आणि परत नीट बसवलं नाही, कोपऱ्यात हातभर जागा उघडी राहिली, एवढं पुरतं. तेलानं भिजलेलं लॅगिंग तर वातच झाली, ते बदलच. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि डबा रोज रिकामा करायचा. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे म्हणून पुढे जाऊ नकोस, पावडरवाला उलटा करून हलव, आतली पावडर दगडासारखी बसलेली असते. सीओटूवाल्याला काटा नसतोच, तो वजन करून तपासायचा.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. त्यात लढाईचं काही नाही. पावसाळ्यासाठी साठवलेलं धान्य आणि गवत जपून वापरा, कोणी गंजीजवळ चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जळेल, मग घोडी वाचणार नाहीत, असं त्यात बजावलंय. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करून लिहितो. आपल्याच चिपळूणला आलेलं पत्र आहे, मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो आणि मग चिंध्यांचा डबा दाखवायचो.

बंद टाकीत उतरताना

इथे घाई केलेली माणसं परत येत नाहीत, म्हणून सावकाश वाच. बंद लोखंडी टाकीत गंज चढतो तो हवेतला ऑक्सिजन खाऊन चढतो. टाकी रिकामी आहे, वास नाही, धूर नाही, तरी आत माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. उघड, ब्लोअर लावून हवा खेळव, मीटरनं तपास, ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या जवळ हवा, तोंडाशीच नाही, मध्ये आणि तळाशीही मोजायचा. तोंडावर एक माणूस कायम उभा, दोरी आणि श्वासाचा सेट तयार. आणि आतला माणूस पडला तर त्याला काढायला सेट न घालता दुसरा उतरणार नाही, हे पोरांकडून आधी म्हणवून घे, कारण त्या क्षणी मित्राला वाचवायला धावणं हेच नैसर्गिक आहे आणि त्यातच दुसरा आणि तिसरा जातो.

मच्छीमारांनो, हे तुमच्या फिश होल्डलाही लागू आहे. कुजलेल्या मासळीतून सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस निघतो, आणि तो जास्त झाला की नाकच मरतं, वास येणं बंद होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून उतरू नका.

रिफिटमध्ये

समुद्रात असताना सगळे जागे असतात. जहाज डॉकयार्डात आलं की मन सैल पडतं, अर्धी माणसं सुट्टीवर, निम्मे पंप खोललेले, फायर मेनला (आग विझवायच्या पाण्याच्या मुख्य पाइपला) पाणी नाही, दारांमधून वेल्डिंगच्या केबल गेल्यामुळे दारं बंद होत नाहीत, आणि बाहेरचे कामगार आत. जहाजाचे सगळ्यात धोक्याचे दिवस हेच. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात आयएनएस बेतवा ड्राय डॉकमध्येच आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. २१ जुलै २०२४ ला त्याच डॉकयार्डात रिफिटमध्ये असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली, दुसऱ्या दिवशी ती एका बाजूला कलंडली, त्यात एक नौसैनिक गेला. अमेरिकेच्या नेव्हीची बॉनहोम रिचर्ड ही प्रचंड बोट जुलै २०२० मध्ये सॅन डिएगोच्या धक्क्याला रिफिटमध्येच चार दिवसांहून जास्त जळाली आणि शेवटी भंगारात काढावी लागली. तिच्या चौकशीत निघालं की आग विझवणारा फोम सोडायचं बटण होतं, पण ते दाबलंच गेलं नाही, बोटीवरच्या माणसांना त्याची नीट ओळख नव्हती.

तेव्हा रिफिटमध्ये तुझं काम असं: रोज संध्याकाळी कामगार गेले की स्वतः राउंड. आज कुठली फायर लाइन बंद आहे आणि तिच्या जागी काय आहे, ते गँगवेवर (जहाजावर चढायच्या वाटेवर) खडूनं लिहून ठेव. वेल्डिंग चालू असेल तर पत्र्याच्या पलीकडच्या खोलीतही माणूस उभा कर, ठिणगी इकडे पडते आणि पत्रा तापून पलीकडची केबल पेटते. काम संपल्यावर निदान अर्धा तास तो माणूस हलता कामा नये. केबल दारातून जाणारच असेल तर ती झटकन तोडता किंवा सोडवता येईल अशी जोडणी आणि शेजारी अवजार ठेव. आणि आग विझवताना आत मारलेलं पाणी मोजत राहा, तासाभरात कित्येक टन पाणी वरच्या डेकवर साचतं, ते एका बाजूला सरकलं की जहाज कलतं, म्हणून विझवण्याबरोबरच उपसणंही चालू हवं.

माणसं

तुझ्या सहाजणांपैकी कोणाचं घर कुठे, आई आजारी आहे का, कोणाचं कर्ज आहे, कोण तीन रात्री झोपलेला नाही, हे तुला माहीत हवं. डिव्हिजनल सिस्टीम (प्रत्येक गटाची काळजी एका ऑफिसरकडे देण्याची पद्धत) त्यासाठीच आहे, पण ऑफिसरला कळायच्या आधी तुला कळतं. झोप न झालेला पोरगा व्हॉल्व्ह उलटा फिरवतो. सुट्टीचा अर्ज तुझ्या टेबलावर एक दिवसही पडून राहू नये, होय की नाही ते त्याच दिवशी वर पाठव.

रागवायचं असेल तर बाजूला घेऊन, आणि कामाबद्दल, घराण्याबद्दल नाही, प्रांताबद्दल तर कधीच नाही. ज्यानं चूक स्वतःहून सांगितली त्याला आणि ज्यानं लपवली त्याला एकाच मापानं शिक्षा केलीस तर उद्यापासून सगळे लपवणार. चांगलं केलं तर नाव घेऊन ऑफिसरसमोर सांग, अमुकनं पाहिलं म्हणून वाचलो, आम्ही पाहिलं असं नाही.

आणि तुझ्या जागेत काही बिघडलं की पहिलं वाक्य "माझ्या जागेत झालं सर" हे. वर कुठपर्यंत ही रीत जाते ते बघ: २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्न पाणबुडीत धूर-आग होऊन दोन ऑफिसर गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी गेल्या काही महिन्यांतल्या अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ते त्या पाणबुडीवर नव्हते. माझ्या मेसमध्ये त्या संध्याकाळी कोणी मोठ्यानं बोललं नाही.

नीट जपलेलं जहाज किती चालतं त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. विराट १९५९ मध्ये ब्रिटिश नेव्हीत हर्मीस म्हणून दाखल झाली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली आणि मार्च २०१७ पर्यंत सेवेत होती. त्या सगळ्या वर्षांत तिच्या बिल्जमध्ये किती पोरं उतरली असतील.

तांडेल आणि नाखव्यांसाठी

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधतो, काही वर ओढून शाकारतो. हे एकसष्ट दिवस आपलं रिफिट आहे. झाप टाकायच्या आधी आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुवा आणि हवा खेळायला दोन्ही टोकांना जागा सोडा, नाहीतर आत बुरशी धरते. बॅटऱ्या काढून घरी न्या, चार्ज करताना खोलीची खिडकी उघडी, त्यातून निघणारा गॅस पेट घेतो. इंजिनचं ऑइल हंगाम संपल्यावरच बदला, जुन्या ऑइलमधलं आम्ल दोन महिने बेअरिंग खात बसतं. पंख्याचा शाफ्ट, रडरचं बुश हातानं हलवून बघा, किती खेळ आहे ते मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये थेट बसवू नका, मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर घाला.

आणि वही ठेवा. भावाच्या ट्रॉलरवर पहिल्या वर्षी मी वही लटकवली तेव्हा खलाशांना ती हिशेबाची वही वाटली, आठ दिवस कोणी हात लावला नाही. नवव्या दिवशी एका नेपाळी पोरानं, ज्याला मराठी लिहिता येत नव्हतं, त्यात एक चित्र काढलं, पाइप आणि त्याच्याखाली तीन थेंब. तांडेलानं त्याच संध्याकाळी तो क्लॅम्प बदलला आणि चित्राशेजारी तारीख टाकली. आता प्रत्येक फेरीहून आलो की बर्फ उतरवायच्या आधी तो पोरगा पट्टी घेऊन बिल्जमध्ये उतरतो, पाणी किती बोटं आहे ते मोजतो आणि वर येऊन लिहितो.